उपाशी सत्तेचाळीस

रक्त तपासायला उपाशीपोटी यायचं असतं, आणि बाई तशाच आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी साडेसातला जेवण आटोपलं, त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. सूचनेच्या कागदावर बारा तास लिहिलं होतं, त्यांचे साडेबारा भरत आले होते. हातात एकोणीस नंबरचं टोकन, समोरच्या फलकावर बारा. एकमेकींना जोडलेल्या निळ्या खुर्च्या आणि त्यांवर सकाळच्या चहाला मुकलेली, जराशी चिडकी माणसं. बाईंना हे सगळं आवडत होतं असं सांगितलं तर कुणी वेड्यात काढेल, पण आवडत होतं खरं. आयुष्याची तीस वर्षं त्यांनी जिवंत वस्तूंना मुद्दाम उपाशी ठेवून मग त्यांच्या आत काय होतं ते मोजण्यात घालवली होती. शिवाय इथे माणसं शेजारी बसत. घरी शेजारची खुर्ची वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याने अडवलेली असे आणि तो गठ्ठा हलवायचं काही कारण गेल्या कित्येक वर्षांत पडलेलं नव्हतं.

चौदा नंबर लागला तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा कण्हत टेकला आणि गळपट्टीवरचा चुरा झटकू लागला. मग त्याने मान वळवून बाईंकडे पाहिलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं.

"बाई ना तुम्ही?"

ते मामा होते. प्रयोगशाळेतले मामा, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हापासून दिसले नव्हते. बुरशी वाढवायची तर तिला खायला लागतं, आणि ते खाणं, ज्याला तिथे माध्यम म्हणत, शिजवून, फ्लास्कांत भरून, कापसाची बुचं लावून देणं हे मामांचं काम. त्यांच्या खोलीला सगळे स्वयंपाकघर म्हणत. कुणाला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून दाराबाहेरच्या खोक्यात टाकायचं, दुसऱ्या दिवशी ट्रे तयार. इतक्या वर्षांत बाईंनी त्या खोलीत पाऊल टाकलं असेल तर दोनदा किंवा तीनदा.

"कसे आहात मामा?"

"आहे की. साखर वाढलीय म्हणतात. म्हणून आलो तर इथे ही गर्दी." मग आवाज खाली आणून, "दोन बिस्किटं खाल्ली मी सकाळी. चहात बुडवून. सांगू नका त्यांना."

"अहो, मग आकडा चुकीचा येईल. उपाशीच यायचं असतं."

"येऊ दे. दोन बिस्किटांनी काय आभाळ कोसळतंय? पोटात काही नसलं की जीव कसा कसनुसा होतो." मामा हसले. त्यांचे दोन दात गेले होते. "माझ्याच्यानं नाही बघवत कुणी उपाशी राहिलेलं. तुमच्या त्या सत्तेचाळीस नंबरच्या बुरशीला तरी कुठे राहू दिलं मी?"

बाईंना आधी वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी गल्लत होतेय. त्यांनी अगदी सहज, बोलणं पुढे न्यावं म्हणून विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय, टाकायचो की थोडं. तुम्ही एकदा त्या गरम खोलीत रडत होता, आठवतं? दार जरासं किलकिलं होतं. आत फ्लास्क तसेच्या तसे, काही उगवलेलं नाही, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून. मला राहवेना. म्हटलं, एवढी शिकलेली बाई, आणि हे एवढंसं पोर वाढत नाही म्हणून जिवाला लावून घेते. मग त्या नंबरचा ट्रे लावायला लागला की चिमूट चिमूट टाकायचो. बाहेरचं काही नाही हां. तुम्हीच दुसऱ्या ट्रेसाठी जे चिठ्ठीवर लिहायचा ना, त्याच निळ्या झाकणाच्या बाटलीतलं."

"आर्जिनिन," बाई म्हणाल्या.

"तेच असेल. नावं कुणाला येतात? पण कसा धरला मग त्याने जीव. आणि तुमचंही नाव झालं. छापून आलं तेव्हा तुम्ही पेढ्याऐवजी केक वाटला होता, सगळ्यांना दोन दोन तुकडे. मी घरी जाऊन सांगितलं, यातला एक तुकडा माझा म्हणून."

फलकावर एकोणीस आला. बाई उठल्या, पडद्याआड जाऊन बसल्या, बाही वर केली. मूठ वळा, मूठ सोडा, असं कुणीतरी सांगत होतं आणि त्या तसं करत होत्या. नळीत रक्त चढताना त्यांनी पाहिलं आणि मनात आलेला पहिला विचार असा होता की आपला तरी आकडा बरोबर येईल.

घरी जाताना त्या एक थांबा आधीच उतरल्या आणि चालत राहिल्या. काय झालं होतं ते त्यांना कळलं होतं, पण कळणं एकीकडे आणि आत उतरणं दुसरीकडे. सत्तेचाळीस नंबर. शिळ्या पावावर येते त्या नारिंगी बुरशीचा एक दुबळा वाण. धडधाकट बुरशी आपलं आर्जिनिन स्वतः बनवते. ते एक अमिनो आम्ल आहे, त्यावाचून अंगातलं एकही प्रथिन पुरं होत नाही. ते बनवण्याच्या कामाचा पहिला टप्पा पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये पार पडतो आणि तो पार पाडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. गंमत अशी, की बाहेरून आयतं आर्जिनिन मिळालं की बुरशी ते विकर बनवणं थांबवते. त्या विकराच्या जनुकाच्या सुरुवातीलाच एक छोटासा अडसर आहे. आर्जिनिन मुबलक असलं की तो पडतो आणि काम तिथेच अडतं. आयतं मिळेनासं झालं की अडसर निघतो, पुन्हा विकर बनू लागतं. एवढीशी गोष्ट. पण बाईंना ती पहिल्यांदा समजली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन एकट्याच हसल्या होत्या. इतक्या लहान जिवाला हात आखडता घ्यायचं कळतं आणि पुन्हा कामाला लागायचंही कळतं, याचं त्यांना हसू आलं होतं. ते सांगायला तेव्हाही जवळ कुणी नव्हतं.

आणि सत्तेचाळीस नंबर या नियमाला जुमानत नव्हता. निदान बाईंनी तसं लिहिलं होतं. आर्जिनिन घातलेल्या फ्लास्कात त्याचं विकर कमी, ठीक. पण उपाशी ठेवलेल्या फ्लास्कातही तेवढंच कमी. म्हणजे त्याचा अडसर कायमचा पडलेला. उपाशी असून त्याला उपाशी असल्याचं कळतच नाही. हातपाय हलवायचे सोडून तो बसून राहतो, म्हणून दुबळा. सतरा वर्षांपूर्वी हा लेख छापून आला. सरांनी, म्हणजे बाईंच्या मार्गदर्शकांनी, भर बैठकीत म्हटलं, "या बाईंनी चिकाटी दाखवली." सर आता नाहीत. चिकाटी दाखवल्याचं ते वाक्य मात्र बाई अजून अधूनमधून काढून बघत, कपाटातली ठेवणीतली वस्तू बघावी तसं. बाकी मग काय होतं? शिकवणं, परीक्षांचं वेळापत्रक, समित्या. धाकट्या बहिणीची मुलं त्यांना बुरशी मावशी म्हणत, आणि त्या नावाला जागण्यासारखं त्यांच्याजवळ जे काही होतं ते त्या एका लेखात होतं.

उपाशी फ्लास्क उपाशी नव्हतेच. त्यांत चिमूट होती.

चावी दाराला लावता लावता बाईंना त्या दिवशीचं रडणं आठवलं आणि त्या तशाच जिन्यात उभ्या राहिल्या. मामांची गल्लत तिथे झाली होती. त्या बुरशीसाठी रडल्याच नव्हत्या. तो शनिवार होता. दुपारी सगळे लवकर निघून गेले होते, आणि गरम खोलीत फ्लास्क बघता बघता बाईंच्या सहज लक्षात आलं की आता सोमवारी सकाळपर्यंत आपण कुणाशी एक शब्दही बोलणार नाही. फोन करावा असं कुणी आठवेना. तेवढंच कारण. दुःख म्हणावं असंही ते मोठं नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा आवरलं नाही. एकोणचाळीस वर्षांची बाई, सदतीस अंशांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. आणि दाराबाहेर मामा उभे होते. कुणीतरी उभं होतं. त्यांना दया आली होती, खरीखुरी, आणि ती त्यांनी नेऊन बुरशीच्या ट्रेमध्ये घातली. दार जरा ढकलून "चहा टाकतोय, घेता का?" एवढं जर ते म्हणाले असते. बाईंना मामांचा राग आला, भयंकर आला, आणि मग असंही वाटलं की त्या सबंध वर्षात आपल्यासाठी कुणी काही केलं असेल तर ते या माणसाने केलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून किल्ली फिरवणं त्यांना जमेना. शेवटी शेजारच्या घरातून कुणीतरी बाहेर येतंय असा आवाज झाला आणि त्या चटकन आत गेल्या.

जुनी नोंदवही कपाटाच्या तळाशी होती. तिसऱ्या आठवड्यापासून सत्तेचाळीसची वाढ सुधारली, असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि पुढे कंसात, हात बसला असावा. बाईंनी ते तीन शब्द बराच वेळ वाचले. आपला हात बसला म्हणून बुरशी वाढली असं मानणारी बाई आज विद्यार्थिनी म्हणून समोर असती तर तिची त्यांनी चांगली खरडपट्टी काढली असती. वाढ सुधारली तेव्हा थांबून का म्हणून विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण वाढ हवी होती.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी कदाचित नोंदवही मिटून ठेवलीही असती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सत्तेचाळीस नंबर उपाशी होता की पोट भरलेला, याने जगाचं काही अडत नव्हतं. पण ती मुलगी होती. दूरच्या एका संस्थेत संशोधन करणारी. बाईंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिने फार अदबीने पत्र लिहून सत्तेचाळीस नंबर मागवला होता. बाईंनी पाठवला, जपून, जणू लेक सासरी पाठवावी इतक्या सूचना सोबत देऊन. मग सहा महिन्यांनी तिची मेल आली. मॅडम, माझ्याकडे उलटं दिसतंय. उपाशी ठेवलं की सत्तेचाळीसमध्ये विकर कमी होत नाही, उलट तिपटीने वाढतं. माझं काय चुकत असेल? बाईंनी उत्तर दिलं होतं: तुमचं माध्यम तपासा. त्यानंतरच्या मेलवर: पाणी तपासा. त्यानंतर: नव्याने सुरुवात करा, या कामात घाई चालत नाही. शेवटच्या मेलमध्ये मुलीने लिहिलं होतं, माझे मार्गदर्शक म्हणतात की छापलेलं चुकत नाही, हात चुकतात. आता मला एकच मुदतवाढ आहे. बाईंनी त्यावर दोन ओळी धीराच्या लिहिल्या होत्या. मग मेल बंद झाल्या. सात महिने झाले होते. आणि त्या बंद झाल्या तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं. हे आठवलं तेव्हा त्या पलंगावर बसल्या होत्या. चादरीवरची घडी त्यांनी हाताने सारखी केली, पुन्हा केली.

रविवारी बहिणीचा फोन आला. तो हल्ली दर रविवारी येतो, साडेदहाला, बहिणीची भाजी निवडून होईपर्यंत चालतो.

"रिपोर्ट आला का गं ताई?"

"आला. सगळं ठीक आहे."

"बघ, मी म्हणत होते. तुला काय धाड भरलीय? खातेस तरी कुठे काही." मग बहीण तिच्या गळक्या नळाविषयी, नळवाल्याने दिलेल्या तारखांविषयी सांगत राहिली. बाईंनी दोनदा तोंड उघडलं. माझ्या हातून एक चूक झालीय, एवढं म्हटलं की झालं. पण मग कसली चूक म्हणून ती विचारणार, आणि सांगायला बसलं तर आधी आर्जिनिन सांगावं लागणार, मग विकर, मग अडसर. तेवढ्यात भाजी संपायची.

"काही म्हणालीस का?"

"नाही गं. नळाचं काय झालं पुढे?"

सोमवारपासून बाई कामाला लागल्या. नुसत्या ऐकीव गोष्टीवर स्वतःचा लेख मोडायचा नाही, एवढी शिस्त अंगात मुरलेली होती. आणि खरं सांगायचं तर कुठेतरी आशाही होती की मामांना भ्रम झाला असेल. स्वयंपाकघराची आता अडगळ झाली होती, माध्यमं तयार पुड्यांत येत. बाईंनी पुड्या घेतल्या नाहीत. त्यांनी जुना तराजू पुसला, क्षार एकेक करून तोलले, साखर तोलली, पाणी दोनदा गाळलेलं घेतलं, फ्लास्क स्वतः भरले, बुचं स्वतः वळली. छप्पन्नाव्या वर्षी हे काम पहिल्यांदा करताना त्यांना कळलं की बूच वळायला किती वेळ लागतो आणि मामा दिवसाला तीनशे वळायचे. पण एक गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती. चिमूट म्हणजे किती? ते कळल्याशिवाय जुना निकाल खरंच चिमटीतूनच आला होता हे सिद्ध होणार नव्हतं.

म्हणून त्या एका दुपारी मामांच्या घरी गेल्या. पिशवीत खिशात मावेलसा डिजिटल तराजू, आणि निळ्या झाकणाची बाटली. मामा मुलाकडे राहत. घरात दुपारी तेच एकटे असत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून बाईंना खाली बघावं लागलं. आपल्याकडे असं कुणी अचानक आलं तर आपलाही चेहरा असाच होईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"बसा बाई, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो."

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली, तराजूवर कागद ठेवला. "मामा, ती चिमूट जरा घालून दाखवता? तेव्हा घालायचात तेवढीच."

मामांनी हात धुतले. नीट, मनगटापर्यंत, पूर्वीसारखे. मग अंगठा आणि दोन बोटं बाटलीत घातली आणि चिमूट कागदावर सोडली. बाईंनी आकडा लिहून घेतला. पुन्हा घाला म्हणाल्या. पुन्हा. दहा वेळा. सत्तर वर्षांना टेकलेला तो माणूस, हाताला बारीक कंप, पण चिमटी दर वेळी जवळजवळ तेवढीच. बाईंना मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटली. असा हात त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला नव्हता.

"कशाला हो एवढं मोजताय?" मामांनी विचारलं. आणि मग, जरा थांबून, "काही चुकलं का माझं?"

खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं कापड दिसत होतं. बाई त्याकडे बघत राहिल्या. सतरा वर्षं, एक मुलगी, एक लेख. हे सगळं या माणसापुढे मांडायचा त्यांना हक्क होता. मांडलं असतं तर हलकंही वाटलं असतं. पण हलकं होऊन झाल्यावर त्या उठून घरी जाणार आणि हा माणूस इथे, या डुगडुगत्या खुर्चीपाशी, दुपारभर एकटा उरणार. एकट्या माणसाच्या दुपारी किती लांब असतात ते बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"नाही मामा," त्या म्हणाल्या. "कृती लिहून ठेवायची राहिली होती. तेवढीच."

"मग ठीक. मी म्हटलं, आता या वयात काय घोळ घातला." मामांनी चहा टाकला. बाईंनी दोन कप घेतले.

पाच आठवडे गेले. वेळापत्रकं लावता लावता, समित्यांना जाता येता बाई गरम खोलीत डोकावत. नुसत्या माध्यमावर सत्तेचाळीस नंबर फार हाल काढत होता. काचेच्या तळाला धुक्यासारखा पातळ थर, बस. चिमूट घातलेल्या फ्लास्कात मात्र वाढ बरी, अगदी नोंदवहीतल्यासारखी. मग त्यांनी दोन्हींतलं विकर मोजलं. चिमूट घातलेल्यात कमी. जुना आकडा जवळजवळ तंतोतंत. आणि नुसत्या माध्यमातल्यात धडधाकट बुरशीच्या तिप्पट. बाईंनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तिप्पट.

त्या स्टुलावर बसल्या. मुलगी बरोबर होती, हे तर झालंच. पण आकड्यात आणखी काही होतं आणि ते त्यांना सावकाश दिसलं. सत्तेचाळीस नंबर हातपाय न हलवता बसून राहिलेला नव्हता. त्याचा अडसर मोकळा होता, कान शाबूत होते, उपाशी असल्याचं त्याला पुरेपूर कळत होतं. त्याचं विकरच मुळात जन्मतः अधू होतं, एकाचं काम तिघांनी करावं असं. म्हणून तो जिवाच्या आकांताने तिप्पट बनवत होता, आणि तरी पुरं पडत नव्हतं. आणि बाईंनी छापून सांगितलं होतं की हा धडपडच करत नाही. जगातल्या कुठल्याही बुरशीपेक्षा जास्त धडपडणाऱ्या त्या धुक्याएवढ्या जिवाविषयी. आपण एका बुरशीवर अन्याय केला, हा विचार हास्यास्पद आहे हे त्यांना कळत होतं, आणि तरी त्यांचे डोळे भरून आले. या खेपेला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. खोलीचं दारही उघडंच होतं. बाहेरून दोन विद्यार्थी हसत गेले.

मासिकाला पत्र लिहायला दोन दिवस लागले. माध्यमात आर्जिनिन मिसळलं गेलं होतं, ते किती होतं, त्याने निकाल कसा उलटा आला, हे सगळं आकड्यांसकट त्यांनी लिहिलं. कुणी मिसळलं ते लिहिलं नाही. माध्यम स्वतः तपासून न घेण्याची जबाबदारी सर्वस्वी माझी, असं लिहिलं, आणि ते खरंही होतं. लेख मागे घ्यावा, ही विनंती. खऱ्या निकालाचं श्रेय कुणाचं, ते त्या मुलीच्या नावासह लिहिलं. पाठवा या बटणावर बोट ठेवताना बाईंना वाटलं होतं त्याहून फार कमी वाटलं. दात काढल्यावर जीभ सारखी त्या रिकाम्या जागेकडे जाते, तसं पुढचे काही दिवस झालं, एवढंच.

अवघड होता तो फोन. मुलीच्या शेवटच्या मेलखाली तिचा नंबर होता. मेल लिहून भागलं असतं, पण मेल लिहूनच तर बाईंनी तिला दोन वर्षं पाणी तपासायला लावलं होतं. शनिवारी सकाळी त्यांनी टेबलापाशी बसून काय बोलायचं ते कागदावर मुद्द्यांनी लिहिलं, आणि नंबर फिरवला.

"हॅलो? कोण?"

बाईंनी सांगितलं.

"मॅडम, तुम्ही? बोला ना."

बाई कागदावरचं वाचू लागल्या. पहिल्या मुद्द्यापर्यंत आवाज ठीक होता. मग त्यांनी कागद उलटा ठेवला. "तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. "तिप्पटच येतं. मी स्वतः करून पाहिलं, तीनदा. माझ्या माध्यमात खोट होती, तुझ्या नाही. लेख मागे घेतेय मी. तुझ्या मार्गदर्शकांनाही आजच कळवते. तुला मुदत वाढवून घ्यायला माझं पत्र लागेल, तेही देते."

"मॅडम, मी सोडलं ते," मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "सहा महिने झाले. मुदत संपली आणि निकाल जुळेना, म्हणून त्यांनीच सुचवलं. आता घरीच असते. इथे दूध तपासायच्या केंद्रावर जाते. बरं आहे तसं."

कागदाच्या उलट्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. "परत जाता येईल," त्या शेवटी म्हणाल्या. "मी बोलते त्यांच्याशी. नाहीतर माझ्याकडे ये. दोन वर्षं आहेत माझी, तेवढ्यात होईल तुझं. मला माफ कर म्हणायला तोंड नाही मला, पण म्हणते."

पलीकडे तिने कुणाला तरी हळूच काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं.

"ते बघू मॅडम," मुलगी म्हणाली. "तुम्ही एक कराल का? माझे बाबा इथेच बसलेत. मी आले तेव्हापासून ते कुणाला काही सांगत नाहीत, विचारलं तर विषय बदलतात. त्यांना वाटतं, मला जमलं नाही. मी फोन स्पीकरवर लावते. तुम्ही आत्ता मला म्हणालात ना, ते एकदा त्यांना सांगाल? त्यांना शास्त्रातलं काही कळत नाही, जरा सोपं करून सांगा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक अनोळखी, अवघडलेला पुरुषी आवाज म्हणाला, "हां, बोला मॅडम. ऐकतोय मी."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नमस्कार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला घाई नाही ना? कारण मला पार पहिल्यापासून सांगावं लागेल. शिळ्या पावावर एक नारिंगी बुरशी येते. बघितली असेल तुम्ही."

"हो, बघितलीय ना," ते म्हणाले.